घराच्या उत्तरेची कोरडी, सावलीतली पट्टी: रंगीत पानांची कुठली झुडपं तग धरतील?

मांजराकाठ | १४ जून
लातूरला आमच्या घराच्या मागच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक बोळकांडीवजा पट्टी आहे. रुंदी चार फूट, लांबी बावीस. पूर्वेच्या टोकाला शेजाऱ्यांचा जुना लिंब निम्मा आमच्याकडं झुकलाय. त्याच्याखालच्या सात-आठ फुटांत गवतसुद्धा धड धरत नाही. उरलेल्या जागेत काळी माती आणि तिच्यात बांधकामाच्या वेळचा राडारोडा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बोअर फेब्रुवारी लागला की खोकायला लागतं.

या पट्टीवर अण्णांची (माझे सासरे) खिडकी उघडते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं एकच पालुपद: "तिकडं नुसतं काळं दिसतंय, काहीतरी रंगाचं लाव की." फुलं तिथं येणार नाहीत हे मलाही कळतं, म्हणून म्हटलं पानांचाच रंग बघू. मागच्या पावसाळ्यात लाल-पिवळे क्रोटन आणले, तीन. भिंतीच्या कडेला लावले, लिंबापासून लांब. दिवाळीपर्यंत नवी फूट हिरवीगार झाली, लाल रंगाचा मागमूस नाही. आणि मेच्या शेवटी तीच हिरवी पानं भाजल्यासारखी करपली. जिथं ऊनच नाही तिथं झाड करपतं कसं? रोज एक बादली पाणी घालत होते हो.

जाणकारांनी मार्ग दाखवावा. बजेट बेताचं आहे, हौस दांडगी.

उन्हाळा४४ | १४ जून
क्रोटन लावा. मस्त रंग असतात.

उन्हाळा४४ | १४ जून
पूर्ण पोस्ट आता वाचली. वरचा प्रतिसाद माघारी. :)

पेठेतला | १४ जून
लिंबाखाली कशाला काही लावताय? काटे लागतील. घरची लिंबं मिळतायत हेच पुष्कळ आहे.

गोदाकाठचा_गडी | १४ जून
ओ भाऊ, आमच्याकडं लिंब म्हणजे कडुनिंब. तुम्ही पोह्यावर पिळता ते लिंबू. मराठवाड्यात येऊन कुणाला लिंबाचं सरबत मागू नका, खरंच देतील.

पेठेतला | १४ जून
दंडवत. चाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

बालाघाटी | १५ जून
ताई, क्रोटनचा हिरवा रंग हा तुमचा दोष नाही. लाल रंग पानात अँथोसायनिन नावाच्या द्रव्यामुळं येतो आणि क्रोटन ते भरपूर उजेड मिळाला तरच बनवतो. सावलीत झाडाला आधी पोटाची चिंता, म्हणून हिरवं द्रव्य वाढवतं. अ‍ॅकॅलिफाचं तेच, गोल्डन ड्युरांटाचंही तेच. नर्सरीत जे लालभडक आणि सोनेरी दिसतं, त्यातलं बरंचसं उन्हाच्या जिवावर उड्या मारत असतं.

पांढरा-हिरवा किंवा क्रीम-हिरवा पट्टा मात्र वेगळ्या कारणानं येतो. तिथल्या पेशींत हरितद्रव्यच नसतं, तो जन्माचाच गुण. त्यामुळं सावलीतही तो बऱ्यापैकी टिकतो. तोटा एवढाच, की अर्धं पान कमवत नसल्यानं झाड सावकाश वाढतं. कधीकधी एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. ती दिसताक्षणी बुडातून छाटायची, नाहीतर वर्षभरात तीच अख्खं झाड गिळते. कमावता भाऊ वेगळा निघाल्यावर घरात जे होतं तेच.

म्हणून सावलीत लाल शोधू नका, पांढरं शोधा. मी अंबाजोगाईला असल्याच जागी व्हेरिगेटेड (म्हणजे अशा दुरंगी पानांची) तगर, पांढऱ्या कडेचा अरेलिया आणि व्हेरिगेटेड शेफलेरा लावलेत. लालच पाहिजे असेल तर एक्सोकेरिया बघा. पान वरून हिरवं, खालून गर्द तांबडं. वारा आला की उलटं होतं आणि रंग दाखवतं. पण त्याला मधूनमधून पाणी लागतं, अगदी कोरड्यात नाही.

हिरवी_चटणी | १५ जून
एक्सोकेरियाचा चीक हाताला लागला की खाज सुटते, मी भोगलंय. छाटताना हातमोजे घाला. घरात लहान लेकरं असतील तर डायफेनबेकियाही नको, पान चावलं तर तोंड सुजतं.

शंकासुर | १५ जून
मला एक कळत नाही. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याची मारामार आणि आपण मेक्सिकोची, इंडोनेशियाची झाडं आणून त्यांना जगवायच्या क्लृप्त्या शोधतो. अडुळसा लावा. लिंबाखाली येतो, पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही, खोकला झाला तर पानं कामी येतात. रंग पाहिजे असेल तर कंपाउंडला पिवळा ऑइलपेंट मारा. सावलीला सावलीसारखं राहू द्या की.

हिरवी_चटणी | १५ जून
शंकासुर, आयडी बदला आधी. शंकासुराचं झाडही आपल्याकडचं नाही, बाहेरूनच आलंय.

शंकासुर | १५ जून
:D बरं. पण अडुळशाचा मुद्दा शिल्लक आहे.

मांजराकाठ | १५ जून
अडुळसा पलीकडच्या बाजूला आहे हो. अण्णांना तो दाखवला तर म्हणाले, "हा तर काढ्याचा. बघायचा थोडाच असतो?"

पाण्याची_रेल्वे | १५ जून
आयडी असा का, हे लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. त्या उन्हाळ्यात झाडाला ताजं पाणी घालणं म्हणजे गल्लीच्या डोळ्यांवर येणं. आम्ही भांडी विसळलेलं पाणी तेवढं टाकायचो, तेही दोन-तीन दिवसांनी, तांब्या-तांब्यानं. त्यातून सावलीतलं काय वाचलं ते सांगतो. माझ्यालेखी हीच परीक्षा.

पेडिलँथस: सगळ्याच्या सगळे वाचले. पांढऱ्या-हिरव्या पानाचा, नागमोडी दांड्याचा. शेराच्या जातकुळीतला, दांड्यात चीक भरलेला, म्हणून कोरड सोसतो. ऐन उन्हाळ्यात पानं गाळली, पाऊस पडल्यावर पुन्हा आली. हिवाळ्यात पानांच्या कडा गुलाबी होतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार आग होते.

स्नेक प्लांट: झुडूप नाही म्हणा, पण पिवळ्या कडेचा अंधारातही उठून दिसतो. त्याला तर दुष्काळ होता हेच कळलं नसावं.

रिओ, वरून हिरवा आणि खालून जांभळा: निम्मे वाचले.

कॉर्डिलाइन, लाल पानांचं: आधी टोकं वाळली, मग झाड. सॉन्ग ऑफ इंडिया एक जगलं, एक गेलं. सिंगोनियम पहिल्या पंधरा दिवसांत संपलं.

उन्हाळा४४ | १५ जून
+१ पेडिलँथस. नुसती काडी खोचली तरी येतो. फक्त कापल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यायचा, मग लावायची. ओली लावली की सडते.

नवी_पालवी | १६ जून
स्नेक प्लांटबद्दल एक शंका. मी पिवळ्या कडेच्या झाडाचं पान कापून, चार इंची तुकडे करून लावले. रोपं आली पण सगळी हिरवी. नर्सरीवाल्यानं फसवलं का?

बालाघाटी | १६ जून
कुणी फसवलं नाही. त्या जातीत पिवळी कड आणि हिरवा मधला भाग ही दोन वेगळ्या पेशींची जोडगोळी असते. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटताना ती जोडी मोडते आणि निव्वळ हिरवं रोप निघतं. पिवळी कड हवी असेल तर बुडातून गड्डा विभागून कोंब वेगळा काढायचा. दुसरा इलाज नाही.

नवी_पालवी | १६ जून
म्हणजे अकरा हिरव्या रोपांचा बाप झालोय मी. कुणाला हवीत का? जालना, स्वतः येऊन न्यावीत.

रोपवाला_परभणी | १६ जून
माझी छोटी नर्सरी आहे, म्हणून धंद्याची गोष्ट उघड सांगतो. आपल्याकडं येणारी बरीचशी शोभेची झाडं आंध्रातल्या कडियम भागातून ट्रकनं येतात, लाल मातीच्या गोळ्यात. तुम्ही तो गोळा जसाच्या तसा काळ्या मातीत गाडता. काळी माती पाणी ओढून घट्ट धरून बसते, मधला लाल गोळा आपला कोरडाच. वरून बघितलं तर जमीन ओली, झाड मात्र तहानलेलं. मग गिऱ्हाईक येऊन मला शिव्या घालतं.

लावायच्या आधी गोळा पाच-दहा मिनिटं बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. बाहेरची एक-दोन बोटं माती हातानं मोकळी करायची, मुळं दिसली पाहिजेत. खड्ड्यात निम्मी तुमची काळी, बाकी जुनं शेणखत आणि जाड वाळू. मूठभर निंबोळी पेंड.

रोज एक बादली हे चुकीचं आहे ताई. वरची चार बोटं भिजतात, मुळं वरच राहतात, आणि एक दिवस बादली चुकली की झाड माना टाकतं. आठवड्यातून दोनदा, पण खोल मुरेल असं घाला. वर पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड अंथरा. लातूरला सोयाबीनच्या भुसकटाला काय तोटा! फक्त खोडाला चिकटवू नका.

राडारोडा जेवढा निघेल तेवढा काढा. आधीच आपली माती चुनखडीची, त्यात सिमेंट. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये असं समजा. नुसतं हिराकस (लोहाचा क्षार) मातीत टाकून उपयोग नाही, चुना ते अडवून धरतो. चिलेटेड लोहाची पानांवर फवारणी घ्या.

गोदाकाठचा_गडी | १६ जून
पाण्याबद्दल अजून एक. आमच्या नांदेड जिल्ह्यात काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाय. ड्रेसिना अन् कॉर्डिलाइनला ते सोसत नाही, पानाची टोकं तपकिरी होतात. लोक समजतात पाणी कमी पडलं, अन् अजून तेच पाणी घालतात. आरओचं टाकाऊ पाणी बी जपूनच, क्षार गोळा व्हतात. पावसाचं पाणी धरून ठेवलेलं असंल तर ते सगळ्यात भारी.

बरं, लिंबाखालच्या जागेचं कुणीच बोलंना.

बालाघाटी | १६ जून
बरोबर, ते राहिलंच. लिंबाखाली अंधार हा मोठा प्रश्न नाही, लिंबाचा उजेड झिरपता असतो. खरा प्रश्न खालून आहे. तुम्ही दिलेलं पाणी लिंबाची मुळं आधी पितात, आणि हलका पाऊस वरचा डेराच अडवतो. मोठे खड्डे घेऊन मुळं तोडू नका, झाड शेजाऱ्यांचं आहे. पहारेनं मुळांच्या मध्ये लहान लहान भोकं घ्या आणि लहान रोपंच लावा. मोठं रोप लावायच्या मोहात पडू नका, ते तिथं रुजत नाही. दोन रोपांमध्ये एक गाडगं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. कच्च्या भाजणीचं गाडगं घ्या, गुळगुळीत रंग दिलेलं पाझरत नाही. दोन वर्षांनी लिंबाची मुळं गाडग्याला मिठी मारतील ते वेगळं, तोवर रोपं जीव धरतात.

नाहीतर सरळ कुंड्या ठेवा. पण विटांवर. जमिनीवर टेकवल्या तर खालच्या भोकातून लिंब आत शिरतो. मी एक कुंडी उचलायला गेलो तर उचलेचना, पहारेनं मूळ तोडावं लागलं.

पेठेतला | १६ जून
इतकं ज्ञान मिळालं की आता मला एक लिंब लावावासा वाटतोय. दोन्ही प्रकारचे.

हिरवी_चटणी | १६ जून
सापाचं काय? खिडकीखाली दाट झुडूप आणि वर भुसकट. आमच्याकडं भुसकटात उंदीर, आणि उंदरांमागं धामण. धामण बिनविषारी असते म्हणे, पण घरातल्यांना पटवून देईपर्यंत जीव जातो.

पाण्याची_रेल्वे | १७ जून
भिंतीपासून फूटभर जागा मोकळी सोडायची, खालच्या फांद्या वीतभर उंचीपर्यंत छाटायच्या, म्हणजे खालचं दिसतं. खिडकीच्या अगदी खाली काही नको. स्नेक प्लांट लावल्यानं साप येतात असं आमच्या शेजारणीचं ठाम मत आहे. नावच वाईट ठेवलंय बिचाऱ्याचं.

भूगोल_मास्तर | १८ जून
उशिरा आलो. पण मूळ पोस्टमधला एक प्रश्न तसाच लटकलाय: ऊन नसताना क्रोटन करपला कसा? पाणी, माती, सगळं बोलून झालं, सूर्याला कुणी विचारलंच नाही.

ताई, तिथं ऊन येतं. मेमध्येच येतं.

लातूरचा अक्षांश साधारण १८.४ अंश उत्तर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळं तुमची पट्टी दिवसभर घराच्या सावलीत. मेच्या मध्यात, १३ तारखेच्या आसपास, सूर्य लातूरच्या अगदी डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. (माझ्याकडं छत्रपती संभाजीनगरला आठवडाभर उशिरा.) तिथून पुढं जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. सकाळी ईशान्येकडून उगवतो, संध्याकाळी वायव्येकडं मावळतो. म्हणजे वर्षभर ज्या भिंतीनं ऊन बघितलं नाही, तीच भिंत मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत तापते. जून-जुलैत ढग असतात म्हणून लक्षात येत नाही.

सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, त्याला या चार आठवड्यांचं ऊन सोसत नाही. तुमच्या क्रोटननं सावलीशी जुळवून घेतलं, हिरवा झाला, आणि मग त्याच्यावर ४२ अंशांचं ऊन आलं. पूर्वेकडचा भाग लिंबामुळं वाचत असणार. मेमध्ये लिंब पानांनी भरलेला असतो, त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकते. बघा बरं, जास्त करपलेला क्रोटन पश्चिमेकडचा होता का?

उपाय सोपा आहे. १० मे ते पहिला मोठा पाऊस एवढ्याच काळात कंपाउंड ते खिडकीचा छज्जा अशी हिरवी जाळी ताणायची. आणि शंकासुरांचा रंगाचा विनोद मी गंभीरपणे घेईन. पिवळा नको, पांढरा. पांढरी भिंत उजेड परत फेकते, उरलेले अकरा महिने तोच उजेड पानांना मिळेल.

मांजराकाठ | १८ जून
मास्तर, अंगावर काटा आला. हो! पश्चिमेकडचा पूर्ण गेला, मधला निम्मा, लिंबाच्या बाजूचा तेवढा हिरवा आहे. दुपारी दीडला मी बँकेत असते हो, मला कसं दिसणार? अण्णांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "येतं की ऊन. मेमध्ये डोळ्यावर येतं म्हणून मी खिडकी लावून घेतो."

वर्षभर मी कारण शोधत होते आणि कारण माझ्या घरात पंखा लावून बसलं होतं.

शंकासुर | १८ जून
विनोदाला सल्ला म्हणून स्वीकारल्याबद्दल आभार. पहिल्यांदाच झालं.

रोपवाला_परभणी | १८ जून
चुन्याची सफेदी करणार असाल तर आधी सफेदी, मग झाडं. चुन्याचे ओघळ मातीत सोडू नका, खाली प्लास्टिक अंथरा.

उन्हाळा४४ | १८ जून
वाचनखूण साठवली. माझ्याही मागच्या बोळाची हीच कथा निघाली.

मांजराकाठ | १६ नोव्हेंबर
धागा वर काढतेय, हिशोब देणं लागते म्हणून.

जूनअखेरीला कंपाउंड आतून पांढरं केलं. राडारोडा काढला तर सात पोती निघाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागवड केली. लिंबाखाली पेडिलँथसच्या काड्या नऊ, मध्ये दोन गाडगी. भिंतीकडं व्हेरिगेटेड तगर दोन, पांढऱ्या कडेचे अरेलिया दोन, एक्सोकेरिया दोन. पुढं पिवळ्या कडेचे स्नेक प्लांट. (नवी_पालवी, तुमचे हिरवे अकरा नकोत, रागावू नका.) वाचलेला क्रोटन कुंडीत घालून गच्चीच्या जिन्यात सकाळच्या उन्हाला ठेवला. आता नव्या पानाच्या शिरा लाल यायला लागल्यात.

पेडिलँथस नऊपैकी आठ लागले. एक सडला, ती काडी मी दुसऱ्याच दिवशी खोचली होती, ऐकलं नाही. तगरीवर पिठ्या ढेकूण आला, जुन्या टूथब्रशनं साबणाचं पाणी लावून काढला. एका एक्सोकेरियानं ऑक्टोबरच्या उकाड्यात मान टाकली. माती तर ओली होती. उपटून बघितला आणि रोपवाल्या भाऊंची आठवण झाली. बाहेर काळी माती चिकचिकीत, आणि आत नारळाएवढा लाल गोळा, विटेसारखा कोरडा. खिळ्यानं टोचला तर लाल धूळ उडाली. तो एकच गोळा बुडवायचा राहिला होता, पाऊस आला म्हणून घाईत लावला होता.

अण्णांचा पहिला अभिप्राय: "पानांवर चुना कुणी सांडला?" पंधरा दिवस त्यांना पटत नव्हतं की ती पानं तशीच असतात. एकदा ओल्या फडक्यानं एक पान पुसून बघितलं त्यांनी. आता संध्याकाळी लाईट गेली की खिडकीत बसतात. त्या उजेडात हिरवं सगळं काळं पडतं आणि पांढरं तेवढं दिसतं. परवा म्हणाले, "तिसऱ्या झाडाची एक फांदी साधी निघाली बघ." बघितलं तर खरंच, तगरीची एक फांदी पूर्ण हिरवी. पाणी मीच घालते, मला दिसली नव्हती.

बालाघाटी | १६ नोव्हेंबर
छाटली का?

मांजराकाठ | १६ नोव्हेंबर
छाटली. अण्णांनी कात्री मागून घेतली आणि स्वतः छाटली.

भूगोल_मास्तर | १७ नोव्हेंबर
१० मे लिहून ठेवा कॅलेंडरवर. जाळी.

मांजराकाठ | १७ नोव्हेंबर
नवं कॅलेंडर आलं की पहिलं तेच लिहिते.

पेठेतला | १७ नोव्हेंबर
सगळं ठीक, पण लिंबं किती आली ते सांगितलंच नाही.

मांजराकाठ | १७ नोव्हेंबर
जुलैत निंबोळ्यांचं एक पोतं भरलं. वाळवून ठेवल्यात. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, सरबताला पाठवते.